अकरा वेळा, पण सलग नव्हे

महसूल खात्यात पस्तीस वर्षं काढून मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. निवडणुकीबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचं हे काम संपादकांनी तेव्हा गळ्यात घातलं, ते अजून उतरलेलं नाही. या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच माणसाबद्दल आहेत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे तिकडच्या लोकांचे आबा. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. 'एकाच मतदारसंघातून सलग अकरा वेळा निवडून येण्याचा देशातील विक्रम गणपतराव देशमुख यांच्या नावावर आहे,' असं माझ्या मार्गदर्शकात छापलंय. हे पाठ करायचं ना? – एक वाचक, बार्शी

नका करू. एका वाक्यात दोन चुका आहेत. त्यातली 'सलग'वाली मी इतक्या ठिकाणी वाचली आहे की आता ती दिसली की पेन्सिल शोधतो.

अकरा वेळा हे खरं. मतदारसंघ एकच, सांगोला, आणि पक्षही एकच, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), हेही खरं. महाराष्ट्रात हा विक्रमच आहे. आता वर्षं लिहून घ्या : १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा, अकरा भरतात. पण १९६७ नंतर थेट १९७४ आणि १९९० नंतर थेट १९९९ आहे. मधल्या १९७२ आणि १९९५ या दोन निवडणुका आबा हरले. त्यातला १९७४ चा विजय पोटनिवडणुकीतला. म्हणजे लढती तेरा, विजय अकरा, पराभव दोन. परीक्षेत कुणी 'सलग'वर खूण करायला लावली, तर प्रश्नपत्रिका काढणाराही तोच मार्गदर्शक वाचून बसलाय असं समजा.

देशातल्या विक्रमाचं म्हणाल, तर केरळकडे बघा. के. एम. मणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. त्यातली पहिली निवडणूक १९६५ ची, आणि ती विधानसभा कधी भरलीच नाही. ती वजा केली तरी बारा उरतात. ओमन चंडी पुथुपल्लीतून १९७० ते २०२१ बारा वेळा आले, आणि तेही सलग. तमिळनाडूचे करुणानिधी तेरा वेळा आमदार झाले, एकदाही हरले नाहीत, पण त्यांनी मतदारसंघ बदलले : कुळीतलैपासून तिरुवारूरपर्यंत.

मग सांगोल्याचं वेगळेपण काय? मला विचाराल तर त्या दोन पराभवांत आहे. १९७२ च्या मार्चमध्ये बांगलादेश युद्धानंतरची हवा होती. काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. त्या पुरात भले भले वाहून गेले, त्यात हेही गेले, यात नवल नाही. पण १९९५ उलटं आहे. त्या वर्षी काँग्रेस ८० वर आली आणि मुंबईत शिवसेना-भाजप युतीचं सरकार बसलं. सगळीकडे काँग्रेस पडत असताना सांगोल्यात मात्र काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. लाटेत पडणं आणि लाट उलटी असताना पडणं, यांत फरक असतो. दुसरं जास्त झोंबत असावं. असा पडलेला माणूस सत्तरीच्या आसपास पुन्हा उभा राहतो आणि पुढच्या चारही निवडणुका जिंकतो. 'सलग' लिहिणारे नेमकं हेच खोडून टाकतात.

प्रश्न : आबांनी विधानसभेत ५५ वर्षं काढली असं आमच्याकडे म्हणतात. कुणी ५० म्हणतं. नक्की किती? – एक वाचक, पुणे (मूळचा सांगोला तालुका)

१९६२ ते २०१९ हा हिशेब केला तर ५७ होतात, म्हणून लोक ५५ च्या आसपास बोलतात. पण मधली वर्षं सोडायला हवीत ना. पहिला तुकडा १९६२ ते १९७२, दहा वर्षं. दुसरा १९७४ ते १९९५, एकवीस धरा. १९८० मध्ये विधानसभा बरखास्त होती, ते काही महिने मी सोडून देतो. तिसरा १९९९ ते २०१९, वीस. बेरीज साधारण ५१.

२०१२ मध्ये सभागृहात त्यांच्या पन्नास वर्षांचा गौरव झाला, तो पहिल्यांदा निवडून आल्यापासूनच्या पन्नास वर्षांचा. त्यामुळे ५० आणि ५५ दोन्ही आकडे फिरत राहिले. या सगळ्या वर्षांत ते मंत्री दोनदाच झाले : १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. विरोधी पक्षनेतेही होते. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर.

प्रश्न : १९९५ मध्ये गणपतराव अवघ्या १९२ मतांनी हरले. इतका कमी फरक असेल तर फेरमोजणी आपोआप होत नाही का? – एक वाचक, मंगळवेढा

होत नाही. फरक १९२ चा असो की दोनचा, आपल्याकडे आपोआप काही होत नाही. उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने लेखी मागणी करायची, कारणं द्यायची. निवडणूक निर्णय अधिकारी ती पूर्ण मान्य करतो, अंशतः करतो किंवा फेटाळतो, आणि का ते लिहून देतो. निकाल जाहीर झाल्यावर मग उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, त्याला मुदत ४५ दिवस. दोघांना सारखी मतं पडली तर चिठ्ठी. ही थट्टा नाही, कायद्यातच तसं आहे.

१९९५ ला मी शेजारच्या एका तालुक्यात मोजणीच्या टेबलावर होतो. यंत्रं नव्हती, कागदी मतपत्रिका. पेट्या उघडायच्या, आधी नुसत्या मतपत्रिका मोजून केंद्राच्या नोंदीशी जुळवायच्या, मग पिंपात एकत्र कालवायच्या, म्हणजे कुठल्या गावानं कुणाला दिलं ते कळू नये. मग गठ्ठे. हात शाईनं आणि धुळीनं काळे. खरं भांडण व्हायचं ते बाद मतांवर. फुलीचा शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडलेला असायचा. शाई ओली असताना घडी घातली की शिक्क्याचा ठसा समोरच्या चिन्हावर उठायचा, आणि दोन्ही प्रतिनिधी ते मत आपलंच म्हणून ओढायचे. अस्सल ठसा कोणता आणि घडीचा कोणता हे ओळखायची युक्ती आमच्या एका हेडक्लार्कला होती : घडीचा ठसा उलटा उठतो. ते आरशात धरून दाखवायचे आणि प्रतिनिधी गप्प बसायचा. आमच्या टेबलावर पहाटेपर्यंत हेच चाललं.

म्हणून १९२ हा आकडा वाचला की मला पिंप आठवतं. केंद्रं दोनशे धरली तर केंद्रामागे एक मतही पडत नाही. ९६ माणसांनी शिक्का दुसरीकडे मारला असता तर बरोबरी झाली असती आणि चिठ्ठी काढावी लागली असती. ९७ जणांनी मारला असता तर बारा वेळा.

प्रश्न : २०१९ ला ते का उभे राहिले नाहीत? आता तिथे कोण आहे? – एक वाचक, ठाणे

वय. नव्वदी ओलांडली होती. त्यांच्या जागी नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. समोर पुन्हा शहाजीबापूच, या खेपेला शिवसेनेचे. (होय, २०२२ मध्ये गुवाहाटीहून फोनवर 'काय झाडी, काय डोंगार' म्हणणारे तेच. त्या फोनमुळे सांगोला जितक्या घरांत पोचला तितका अकरा निवडणुकांनी पोचला नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.)

एक गंमत मी वहीत करून ठेवली आहे. देशमुखांच्या घरावर बापूंचे विजय दोन, १९२ आणि ७६८. दोन्ही मिळून ९६० मतं. उलट २०१४ ला आबांनी त्यांना हरवलं ते सुमारे २५ हजारांनी, आणि २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी हरवलं तेही २५ हजारांच्या वरच. २०२४ ला लढत तिरंगी होती, दोन्ही शिवसेना समोर होत्या, ते लक्षात घेऊनच हा आकडा वाचायचा. शेकापचा त्या विधानसभेत निवडून आलेला हा एकुलता एक आमदार.

आबा ते बघायला नव्हते. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात ते गेले.

प्रश्न : तुम्ही मागच्या अंकात आबांचं फार कौतुक केलंत. अकरा वेळा आमदार असून सांगोला दुष्काळी तो दुष्काळीच राहिला. मग अकरा वेळा निवडून येऊन उपयोग काय? साधेपणानं पोट भरतं का? – एक वाचक, सांगोला तालुका

तुमचा राग रास्त आहे. साधेपणाच्या गोष्टी सांगून तो घालवायचा प्रयत्न मी करणार नाही.

मी मंगळवेढ्याकडचा, तुमच्या शिवेपलीकडचा. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, आम्ही पोरं कामावर सुकडी, म्हणजे सरकारी पूरक खाऊ, मिळते म्हणून मागे जायचो. घरात मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, भाकरी, जी गिळायला पाणी लागायचं आणि पाणीच नसायचं. पुढे नोकरीत लागलो तेव्हा रोजगार हमीचे हजेरीपट तपासायचं काम आलं. पटावरची नावं बघताना दर वेळी वाटायचं, आईचं नाव कुठल्या कागदावर होतं कोण जाणे. हमीचा कायदा १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून अमलात आला. त्यासाठी विधिमंडळात आणि बाहेर भांडणाऱ्यांत शेकापची माणसं पुढे होती, आणि आबा त्यांतले. दुष्काळी तालुक्याच्या आमदाराचं काम मी तिथून मोजायला लागतो.

पाण्याचं बघा. कृष्णेचं पाणी कराडजवळ टेंभूला उचलून माणदेशात आणायचं, हे एका आमदाराच्या सहीनं होणारं काम नव्हतं. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरायला लागल्या. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी पुढे, तेरा तालुक्यांतली माणसं मागे. आबा तिथे पक्ष बाजूला ठेवून बसायचे. पाणी आलं, पण उशिरा आणि सगळ्या शिवारांत नाही. हा उशीर ज्यांनी केला त्यांत सरकारं बरीच होती आणि आबा बहुतेक काळ सरकारात नव्हते, हे खरं. पण जेव्हा होते तेव्हाचा हिशेब तुम्ही मागू शकता, आणि मागायलाच हवा.

दुसरीही बाजू आहे. सांगोल्यात बायकांच्या मालकीची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि आजूबाजूच्या गिरण्यांचे पत्रे विकले जात असताना ती चालत राहिली. शिरभावीच्या योजनेनं गावोगाव प्यायचं पाणी नेलं. कोरड्या माळावर डाळिंब आलं, त्याचं श्रेय मी शेतकऱ्याला देतो, आमदाराला नाही. तेल्या रोगानं बागा गेल्या तेव्हा शिव्याही आमदाराला देऊ नयेत, एवढंच.

तुम्ही विचारता, अकरा वेळा येऊन उपयोग काय. मी उलट विचारतो : दोनदा पाडून बघितलंत, तेव्हा काय झालं? हे उत्तर तुमच्याकडेच असेल. लिहून पाठवा, तसंच्या तसं छापतो.

प्रश्न : आमच्या आमदाराची आजवरची मतं, फरक वगैरे कुठे बघायला मिळतात? – एक वाचक, परभणी

भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल आहेत, अगदी १९६२ चेही. केंद्रनिहाय आकडे हवे असतील तर 'नमुना २०' मागा. संपत्ती आणि गुन्ह्यांची माहिती उमेदवाराच्या शपथपत्रात असते, पण २००३ च्या आधीची शोधू नका, ही पद्धत त्यानंतरची. आणि जुने आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवताना मतदारसंघाच्या हद्दी तपासा. नाव तेच राहतं, गावं बदलतात. २००८ च्या पुनर्रचनेत सांगोल्यात पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडल आलं. त्यामुळे १९६२ चा सांगोला आणि २०१४ चा सांगोला ही एकच जमीन नव्हे.

प्रश्न : एसटीत 'विधानसभा सदस्यांसाठी राखीव' असं लिहिलेलं आसन असतं. तिथे कधी कुणी आमदार बसतो का? – एक वाचक, अकलूज

मी तुमच्यासारखाच प्रश्न १९८८ च्या सुमाराला सोलापूरच्या स्टँडवर एका कंडक्टरला विचारला होता. गाडी मंगळवेढ्याची, गर्दी मरणाची, तेवढी एक जागा मोकळी. तो म्हणाला, "बसा की साहेब. कोण येतंय?" मी बसलो. तिकीट फाडता फाडता तो म्हणाला, "सांगोल्याच्या गाडीत मात्र आधी खाली बघून घ्यायचं हां. तिथला येतो."