मे महिन्यात मुलांना काय वाचायला द्यायचं

प्रिय बाय,

तुझ्या लायब्ररीत येणाऱ्या मुलांसाठी केलेलं सुट्टीचं टाइमटेबल बघितलं. सोमवारी पुस्तक परीक्षण, बुधवारी प्रश्नमंजुषा, शुक्रवारी भाषण आणि शेवटी सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस. मेहनत घेतलीयस ते दिसतंय, पण अगं ही शाळाच झाली की, आणि पोरं आत्ताच तिथून सुटून आलीत. वाचलं की नाही हे पोरांकडून सिद्ध करून घ्यायचं नाही, सुट्टीत तरी नाही, एवढं एक पाळ. जास्त पुस्तकांना बक्षीस ठेवलं ना की हुशार पोरं बरोब्बर सगळ्यात पातळ पुस्तकं शोधून काढतात आणि हळू वाचणारी पहिल्या आठवड्यातच यायची बंद होतात.

दुसरं म्हणजे पुण्या-मुंबईच्या याद्या जशाच्या तशा उचलू नकोस. आपल्या गोव्यातलं पोर घरी कोंकणी बोलतं, चौथीपर्यंत मराठी शाळेत आणि पाचवीपासून सगळं इंग्लिश, त्यामुळे सातवीतल्या मुलाची समज सातवीची असते पण मराठी वाचायचा स्पीड चौथीतच राहिलेला असतो. त्याला 'वय ६ ते ८' छापलेलं पुस्तक दिलंस तर त्याला लाज वाटते, वयाप्रमाणे जाडी कादंबरी दिलीस तर दोन पानांत मिटून टाकतो. अशांसाठी 'किशोर' बेस्ट. बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. गोष्टी, कोडी, विज्ञान, सगळं थोड्या पानांत संपतं आणि मासिक हातात असलं की कोण कितवीत आहे ते कुणी बघत नाही. थोड्या प्रिंट काढून टेबलावर नुसत्या पसरून ठेव, वाचा म्हणून सांगू पण नकोस.

पुस्तक सुचवायच्या आधी पोराशी बोलायचं. आणि 'तुला काय वाचायला आवडतं' असं विचारायचं नाही, न वाचणारा त्यावर काय सांगणार? मागच्या सुट्टीत सत्तरी तालुक्यातली एक आई सहावीतल्या मुलाला घेऊन आली, मॅडम ह्याला काहीतरी चांगलं द्या, मोबाईल सोडत नाही. पोरगा चपलेने फरशी घासत उभा. मी विचारलं, काल दुपारी काय केलंस? तर म्हणे व्हाळात कुर्ल्यो धरल्यो, म्हणजे ओढ्यात खेकडे पकडले, आणि एकीने चावलेलं बोट पुढे केलं. मग माझ्याच टेबलावर डस्टर ठेवून कुर्ली मागून कशी धरायची ते करून दाखवलं, आई बघतच राहिली. त्याला मी फास्टर फेणे दिलं, भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा बनेश, सायकल घेऊन नको त्या भानगडीत घुसतो आणि 'ट्टॉक' करतो. आईचा चेहरा पडला, तिला श्यामची आई हवं होतं. आता श्यामची आई वाईट नाही गे, पण संस्कार म्हणून पोराच्या हातात कोंबायचं ते पुस्तकच नाही. श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री आहेत, म्हणून मी ते तिलाच दिलं आणि म्हटलं, तुम्ही रात्री जेवणं झाल्यावर एकेक वाचून दाखवा, तो ऐकेल. पालकांनाही पुस्तक द्यायचं असतं हे आपण विसरतो. तोत्तोचान मी अशाच आयांना देते, रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा वाचली की त्यांचे चेहरे जरा सैल होतात.

अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर', डोळे मिटून.

रोज अकरा वाजता अर्धा तास तू स्वतः मोठ्याने वाच. विंदांचं 'एटू लोकांचा देश' घे, तिथे सगळं उलटसुलट चालतं, पोरं हसून लोळतात. मधे शब्द अडला तर सरळ कोंकणीत सांगून पुढे जा, मराठी शुद्ध ठेवायची जबाबदारी त्या अर्ध्या तासात तुझ्यावर नाही. आणि वाचून झाल्यावर 'तात्पर्य काय?' विचारलंस तर मी स्वतः येऊन तुझं पुस्तक काढून घेईन!

अ‍ॅक्टिव्हिटी एकच कर पण नीट कर. पोरांना सांग, घरी आजीकडून एक गोष्ट ऐकून या, भुताची, देवचाराची, कसलीही, हवं तर फोनवर रेकॉर्ड करा. मग ती जमेल त्या भाषेत लिहायची, चित्र काढायचं, कव्हर लावून शिवायची. आता खरी गंमत: त्या वहीला आपल्या रजिस्टरमधला नंबर टाक, पाठीवर लोककथांचा वर्गीकरण क्रमांक ३९८.२ लिही, त्याच शेल्फवर ठेव आणि दुसऱ्या पोरांना घरी इश्यू कर. आपलं पुस्तक कोण नेतंय ते बघायला पोरं रोज येतात.

एक दिवस बाहेर काढायचं असेल तर रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला, सलीम अली अभयारण्यात, पक्ष्यांचं पुस्तक बरोबर घेऊन आणि सकाळी लवकर. बाहेरून येणारे पक्षी मेपर्यंत निघून गेलेले असतात पण खंड्या, बगळे, घारी मिळतील. नाहीतर पणजीला पाटोवरची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी, कदंबा स्टँडवरून चालत जाता येतं. १८३२ ची संस्था आहे, भारतातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, पण पोरांना ते भाषण देऊ नकोस, बच्चेकंपनीच्या विभागात सोडून दे.

पुस्तकं परत येतील त्यांवर मानकुराद आंब्याचे डाग असणार, दंड घेऊ नकोस, ज्याने एकदा दंड भरला त्याची आई त्याला परत पाठवत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप पण नको, काही वर्षांत पिवळी पडते आणि कडेने चिकट होते, पातळ टिश्यू आणि गव्हाची खळ वापर. पाऊस लागायच्या आधी सगळी पुस्तकं परत मागव आणि एखादं दमट आलंच तर कपाटात ठेवायच्या आधी पंख्याखाली उघडून उभं कर, नाहीतर बुरशी शेजारच्या पुस्तकांना पण धरते.