तोंडातलं सोडत नाही, वर गुरगुरतो

“ताई, घरात दहा वर्षांचा मुलगा आहे. आज हा मोज्यासाठी गुरगुरतोय, उद्या चावला तर?”

ठाण्याहून एका आईचा फोन होता. चिकू (नाव बदललं आहे) आठ महिन्यांचा, सोसायटीच्या गेटपाशी सापडलेला देशी कुत्रा. एरवी लाघवी. पण काही तोंडात धरलं की थेट दिवाणाखाली जायचा आणि कोणी हात घातला की गुरगुरायचा. कुत्र्यांच्या वर्तनाचं समुपदेशन करताना सगळ्यात जास्त वेळा हीच काळजी माझ्यापुढे येते.

मी घरी गेले आणि आधी मागचं सगळं विचारून घेतलं. चौथ्या महिन्यात दात बदलायला लागले तेव्हा चिकू दिसेल ते चावायचा. मोजा उचलला की घरभर पळापळ व्हायची. बाबा जबड्यात बोटं घालून मोजा ओढून काढत, दोनदा वर्तमानपत्राची सुरळीही बसली होती. त्यातून चिकू एवढंच शिकला, की माणसाचा हात जवळ आला म्हणजे आपल्याकडचं जाणार. आधी तो पळायला लागला, मग लपायला आणि शेवटी गुरगुरायला.

गुरगुरण्याबद्दल त्याला ओरडू नका, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. बाबांना ते पटलं नाही, पण माझा आग्रह कायम होता. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली तर कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. अंग ताठ होणं, चघळता चघळता एकदम थांबणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं ही त्याच्याही आधीची लक्षणं. मुलाला ती ओळखायला शिकवली आणि चिकूच्या तोंडात काही असताना त्याच्याजवळ जायचं नाही, असं ठरवून टाकलं.

घरात एकाच माणसावर चिकू कधी गुरगुरला नव्हता, आजींवर. त्या सहज म्हणाल्या, “मी कुठं काय मागते त्याच्याकडं? जाता-येता भाकरीचा तुकडा टाकते.” सगळा धडा त्या एका वाक्यात होता. आजींचा हात काही घेऊन जात नव्हता, देऊन जात होता.

सुरुवात रिकाम्या तोंडाने केली. “सोड” म्हणायचं आणि जमिनीवर पनीरचे चार-पाच बारीक तुकडे विखरायचे. चिकूने काहीच करायचं नाही, फक्त येऊन खायचं. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. तिसऱ्या दिवशी शब्द कानावर पडताच तो जमीन हुंगायला लागला. मग त्याला फारसं प्रेम नसलेली जुनी दोरी तोंडात दिली. “सोड”, पनीर पडलं, तोंड उघडलं. तो खात असताना दोरी सावकाश उचलली आणि लगेच त्याला परत दिली.

हे परत देणं लोक विसरतात. माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच आहे. सोडलं तर पनीर मिळतं आणि दोरीही परत मिळते, हे कळल्यावर घट्ट धरून ठेवायचं कारणच उरत नाही. दोरीनंतर चेंडू, मग पायपुसणं आणि मोजा अगदी शेवटी.

सहाव्या दिवशी बाबांचा फोन आला. “पनीर दिसल्याशिवाय सोडतच नाही. ही तर लाच झाली!” मी त्यांना व्हिडिओ काढून पाठवायला सांगितलं. त्यात ते आधी पनीर नाचवत होते आणि मग “सोड” म्हणत होते. आधी दाखवून सौदा केला की ती लाच होते. शब्द आधी, एक क्षण थांबायचं आणि मगच हात खिशाकडे, असं केलं की ते बक्षीस होतं. शब्द एकदाच म्हणायचा, तोही रागावल्याशिवाय. क्रम बदलला आणि दोन दिवसांत फरक दिसला.

मध्येच मुलाने उत्साहाने मोज्यावर प्रयोग केला आणि चिकू गुरगुरला. कोणालाही बोल न लावता आम्ही पुन्हा चेंडूवर आलो. नंतर आईची नवी तक्रार आली, “आता मुद्दाम मोजा आणून दाखवतो.” मला तर बरं वाटलं. दिवाणाखाली जाणारा कुत्रा स्वतःहून माणसाकडे येत होता. मोजे झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगितले आणि सराव त्याच्या खेळण्यांवर वाढवायला सांगितला.

खाऊ मसाला न घातलेला हवा: उकडलेलं चिकन, अंडं, पनीर, साधी पोळी. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट नाही, आणि शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नाहीत. धोक्याची वस्तू तोंडात असेल तर खाऊ तिच्यापासून लांब फेकायचा आणि कुत्रा तिकडे गेला की वस्तू उचलायची. मोजा गिळलाच तर तो आतड्यात अडकू शकतो. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायच्या फंदात न पडता तडक पशुवैद्य गाठायचा. आणि चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, कुत्रा घरचा आणि लस टोचलेला असला तरी. प्रत्यक्ष चावलेल्या कुत्र्याबाबत हा सराव मनाने सुरू करू नका. आधी पशुवैद्याची तपासणी, मग समोर बसून सल्ला.

दीड महिन्याने बाबांचा फोन आला. रात्री फिरताना चायनीजच्या गाडीमागे चिकूने कोंबडीचं शिजलेलं हाड उचललं होतं. अशा हाडाच्या धारदार कपच्या होतात, म्हणून त्यांचा जीव वर-खाली झाला, तरी हात जबड्याकडे गेला नाही. “सोड” म्हणाले. चिकूने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि हाड टाकलं. खिशात होता तेवढा सगळा खाऊ त्यांनी रस्त्यावर उधळला आणि तो खाण्यात गुंतला असताना हाड पायाने दूर सारलं. “अजून किती दिवस खिशात खाऊ ठेवायचा?” असं त्यांनी विचारलं. सोपं काम असेल तर कधी खाऊ, कधी चेंडू फेकणं चालेल. पण अशा हाडासाठी नेहमी काहीतरी द्याच, असं मी सांगितलं.

पशुवैद्यांनी दिलेली चघळायची कांडी मात्र चिकू अजूनही सहज सोडत नाही. ती आम्ही मागतही नाही. त्याच्या कोपऱ्यात देतो, मुलगा दुसऱ्या खोलीत जातो आणि संपेपर्यंत त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.