आडनाव झाका, मग अर्ज वाचा

प्रश्न : आमचं छोटं मशीन शॉप आहे. आम्ही जातपात मानत नाही, तरी आतापर्यंत घेतलेली पोरं बघितली तर जवळपास सगळी एकाच वळणाच्या आडनावांची. योगायोग म्हणायचा की आमचं काही चुकतंय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : योगायोग असेलही, पण त्यावर विसंबू नका. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांचा एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी तोलामोलाच्या पात्रतेचे अर्ज पाठवले, नावं तेवढी वेगळी. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. तोवर उमेदवाराचं तोंडही कुणी पाहिलेलं नव्हतं. गळती कागदावरच झाली.

म्हणून सुरुवातही कागदापासून करा. निवडीत नसलेल्या माणसाला अर्जांवर क्रमांक टाकायला सांगा आणि नाव, वडिलांचं नाव, फोटो, गाव झाकून झेरॉक्स काढा. इथे हमखास राहून जातं ते ई-मेलमधलं आडनाव आणि शाळेचं नाव. उर्दू माध्यमाची शाळा दिसली की झाकलेलं नाव उघडंच पडलं.

मुलाखतीआधी निकष आणि गुण लिहून ठेवा. उदाहरणार्थ, ड्रॉइंग वाचणं ३०, व्हर्नियर-मायक्रोमीटरने माप घेणं ३०, मशीनचं सेटिंग २५, सुरक्षिततेची माहिती १५. एकच जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला सुटा भाग, सगळ्यांच्या हातात द्या आणि पाच मापं घ्यायला लावा; वेळही सगळ्यांना सारखाच. प्रश्न तेच, क्रमही तोच. गुण त्या-त्या उत्तरानंतर लगेच टाका. शेवटी एकदम टाकले की पहिल्या दोन मिनिटांतलं मत सगळ्या रकान्यांत उतरतं. दोघे मुलाखत घेणार असाल तर आकडे लिहून होईपर्यंत आपसांत बोलू नका, नाहीतर शेठ जे म्हणतील त्यालाच दुसरा मान डोलावतो.

‘आपल्यात मिसळेल का?’ हा रकाना मात्र काढून टाका. आडनाव, बोली, डबा, सगळं तिथूनच आत शिरतं. वेळ पाळणं किंवा शिफ्ट बदलायची तयारी बघायची असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि सगळ्यांना विचारा. आणि ‘ओळखीतला कुणी असेल तर सांग’ एवढ्यावरच भरती चालत असेल, तर वरचा सगळा खटाटोप वाया. ज्यांचे अर्जच येत नाहीत त्यांना गुण कुठून देणार? आयटीआयच्या फलकावर जाहिरात लावा.

प्रश्न : पेपर तपासताना ‘हुशार’ ठरलेल्या मुलांना नकळत झुकतं माप जातं. काय करावं?
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : पहिलं पान मागे दुमडा. आधी सगळ्यांचा प्रश्न १ तपासा, मग गठ्ठा पिसून प्रश्न २. भारतातच झालेल्या एका प्रयोगात उत्तरपत्रिकांवर जात मुद्दाम चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून लिहिली होती. खालच्या मानलेल्या जातींना किंचित कमी गुण पडले, आणि फरक मुख्यतः गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांत दिसला. गुणांचा अंदाज बसेपर्यंत परीक्षक इतर खुणांचा आधार घेतो. तेव्हा प्रत्येक प्रश्नाचे पहिले पाच-सहा पेपर शेवटी पुन्हा बघा. नमुना उत्तर आणि टप्प्यांचे गुण आधीच ठरवले असतील तर त्यात फार वेळ जात नाही. अक्षर ओळखीचं असतं, त्याला इलाज एकच : वर्ग बदलून एकमेकींचे गठ्ठे तपासा.