मुलगा हरला की जेवत नाही, बुद्धिबळ बंद करू का?

(घरच्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.)

"मॅडम, स्पर्धेत हरला की दोन दिवस धड जेवत नाही. बंदच करतो." विश्रामबागेतून आलेल्या या आईसारखे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी दरवर्षी येतात. बुद्धिबळाच्या प्रसारासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या या सांगलीत मुलाने पट हातात घेतला की घरच्यांच्या डोळ्यांत स्वप्नं उभी राहतात, त्यात नवल नाही.

मुलगा १३ वर्षांचा. पहिल्या भेटीत "हो", "नाही", "ठीक". दुसऱ्या भेटीत मी पट मांडला आणि म्हटलं, "हरलेला डाव दाखव." तो पाऊण तास बोलत होता.

काळी मोहरी, सिसिलियन बचाव नावाची सुरुवात, त्यातला ड्रॅगन हा प्रकार. पांढऱ्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केलेला (म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला नेलेला), याने राजाच्या बाजूला. पांढरा एच पट्टीतलं (कडेच्या उभ्या रांगेतलं) प्यादं पुढे रेटत याच्या राजावर येतो, हा सी पट्टीतून त्याच्या राजावर. जो एक चाल आधी पोचतो, त्याचा डाव. इथे काळ्याची जुनी, नावाजलेली युक्ती म्हणजे सी-३ या घरातल्या घोड्यासाठी हत्ती देऊन टाकायचा. पांढऱ्या राजापुढची प्यादी विस्कटतात.

"मला ते दिसलं होतं," तो म्हणाला. "हत्ती दिला नाही."

"का रे?"

बराच वेळ तो घोडा बोटांत फिरवत राहिला. "बाबा हॉलच्या दारात उभे होते. हत्ती गेलेला बघून त्यांना वाटलं असतं, मी चुकलो."

हत्ती मागे घेतला. एच पट्टी उघडली आणि मात झाली. घरी जाताना गाडीवर बाबा म्हणाले, "असलं धोक्याचं खेळतोसच कशाला?" न जेवण्याचं मूळ मला पराभवापेक्षा या वाक्यात दिसलं.

मग बाबांना बोलावलं. दारात थांबू नका, परतीच्या वाटेवर डावाचं नाव काढू नका, जेवण झाल्यावर त्याला डाव दाखवायला सांगा, एवढंच सांगितलं. (झोप उडाली, शाळा नको म्हणू लागला, आठवडे असेच गेले तर वाट न बघता तपासणी करावी. इथे तसं नव्हतं.)

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच बसा. तो शिकवेल."

पुढची स्पर्धाही तो हरला. रडला, तासाभराने आमटी-भात जेवला. त्यानंतरच्या भेटीत बाबांनी माझ्या टेबलावरचा पट स्वतःकडे ओढला. "मॅडम, या वेळी दिला बघा हत्ती. इथं, सी-३ ला. पण त्याआधी वजीर ए-५ ला आणायचा राहिला, असं म्हणतोय तो."