सपाट रस्त्यावर धावणाऱ्याने सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा सराव कसा करावा?

सपाटीवर दहा किलोमीटर सहज धावता येत असले, तरी साताऱ्याची तयारी वेगळी करावी लागते, कारण तेथे यवतेश्वर घाटाने कासच्या दिशेने चढून त्याच रस्त्याने परत उतरायचे असते. बहुतेक नवशिके धसका घेतात तो चढाचा. माझ्या मते खरी परीक्षा उताराची आहे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे त्याच दिवशी फारसे न जाणवता पुढच्या एक-दोन दिवसांत वाढते. मात्र एकदा अशा ताणाची ओळख झाली, की पुढच्या वेळी तेच स्नायू पुष्कळ कमी दुखतात. म्हणून आठवड्यातून एकदा जवळचा एखादा घाटरस्ता (पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट, तोही वाहने वाढण्यापूर्वी) निवडून उताराचे अंतर हळूहळू वाढवावे. पावले आखूड ठेवावीत, मागे रेलू नये आणि पाऊल शरीराच्या फार पुढे पडू देऊ नये. चढावर घड्याळातला वेग पाहू नये, श्वास पाहावा. दम फार लागला तर खुशाल झपाझप चालावे. इतर दिवशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने धावावे. उताराचा शेवटचा मोठा सराव शर्यतीच्या सुमारे दोन आठवडे आधी संपवावा, आणि शर्यत पावसाळ्यात असल्याने ओल्या बुटांत धावण्याची सवयही करून घ्यावी.