मुलीला परदेशी ‘फाउंडेशन’मध्ये काम करायचंय

प्रश्न: माझी मुलगी बी.कॉम. झाली, सध्या एका सीएंच्या ऑफिसात काम करते. आता म्हणते, परदेशातल्या गावांच्या विकासाला पैसा पुरवणाऱ्या फाउंडेशनमध्ये जायचंय. तिच्या बाबांच्या मते ही समाजसेवा झाली, नोकरी नव्हे. यात खरंच करिअर आहे का?
– एक आई, वाई

ताई, करिअर आहे, आणि बी.कॉम. इथे जमेची बाजू आहे. पण अशा संस्थेत रोज काय चालतं, हे आधी घरातल्या सगळ्यांनी समजून घ्या.

आगा खान फाउंडेशनचं उदाहरण सांगते. १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९८२च्या अखेरीस पाकिस्तानच्या उत्तरेकडच्या डोंगराळ गिलगिट भागात ग्रामविकासाचं काम सुरू केलं. त्याचे पहिले प्रमुख शोएब सुलतान खान गावोगाव जायचे ते योजना घेऊन नव्हे, तर अटी घेऊन. गावाने संघटना बांधायची, ठरल्या वेळी बैठक घ्यायची, प्रत्येक सभासदाने थोडी का होईना बचत करायची. मग सगळ्या घरांच्या उपयोगाचं एक काम गावाने निवडायचं. कुणी हिमनदीचं पाणी शेतापर्यंत आणणारा पाट मागितला, कुणी जोडरस्ता. इंजिनिअर गावकऱ्यांसोबत जागा पाहायचा, खर्चाचा अंदाज भर सभेत मांडला जायचा आणि पैसा हप्त्याहप्त्याने गाव संघटनेच्या हाती यायचा. काम गावाचं, पुढची देखभालही गावाचीच.

यातला बराच पैसा कॅनडा, ब्रिटन अशा देशांच्या सरकारांकडून आला. म्हणजे एका बाजूला वेळेवर अहवाल मागणारा देणगीदार, दुसऱ्या बाजूला आपल्या गतीने ठरवणारं गाव. या दोघांच्या मधे उभं राहणं, हीच ती नोकरी. गावाचं एकमत व्हायच्या आत केवळ निधी संपवायचा म्हणून काम उरकलं, तर तो पाट पुढे कुणी साफ करत नाही. अशा वेळी देणगीदाराला स्पष्ट लिहून मुदत वाढवून मागणारा माणूस मला या क्षेत्रात सगळ्यात मोलाचा वाटतो. आणि ते पत्र त्यालाच लिहिता येतं, ज्याला हिशेब आणि गाव दोन्ही कळतात.

ही पद्धत तुमच्यापासून लांब नाही. नव्वदच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातून शोएब सुलतान खान यांनी आंध्रच्या काही जिल्ह्यांत महिला गटांचं काम उभं करायला मदत केली. आंध्रचा तो अनुभव पुढे राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला उपयोगी पडला, आणि आपल्याकडची महिला बचत गटांची ‘उमेद’ त्याच अभियानाचा भाग.

आता परदेशाबद्दल. गावाने ठरवायचं असेल, तर गावात बसणारे कार्यकर्ते तिथलेच, तिथली भाषा बोलणारे लागतात, आणि ते योग्यच आहे. बाहेरच्यांसाठी जागा असतात त्या अनुदान व्यवस्थापन, हिशेब, मूल्यमापन, प्रशिक्षण अशा कामांत, आणि तिथे बहुधा आधीचा अनुभव मागतात. म्हणून पहिली काही वर्षं तिने इथल्याच संस्थेत काढावीत. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा, काटेकोर पाळावा लागतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी झाली. हे नीट जाणणाऱ्या हिशेबनीसाची गरज प्रत्येक अशा संस्थेला असते.

पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर ‘टिस’चा (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) तुळजापूर परिसर, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था किंवा ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी आणंदची ‘इर्मा’ बघा. पश्चिम आफ्रिकेत जायचं मनात असेल तर फ्रेंच आत्ताच सुरू करू दे.

बाबांना सांगा, पगार असतो, बढती असते, ऑडिटही असतं. मात्र बऱ्याच नेमणुका प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. ही अस्थिरता खरी आहे, ती धरूनच घरात निर्णय घ्या.

फॉर्म भरण्याआधी एक करा. तुमच्या भागातल्या उमेदच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्तीला, विचारून मुलीला ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांच्या संघाच्या) दोन-तीन बैठकांना बसू दे. कर्ज कुणाला आधी द्यायचं यावर बायका तास-तास बोलतात. ते ऐकताना ती रमली, तर मला पुन्हा लिहा, पुढच्या अर्जांचं बघू.