इंग्रजीतल्या ‘डिस्ट्रेस’चा नेमका अर्थ काय आणि तो शब्द आला कुठून?

तुम्ही विचारलंय, बातम्यांत शेतकऱ्यांबद्दल ‘डिस्ट्रेस’ येतं ते नुसतं दुःखच का? नाही. घरचं माणूस गेल्यावर होतं ते दुःख, त्याला ग्रीफ म्हणतात. डिस्ट्रेसमध्ये कोंडी असते: हातात पैसा नाही, मागं तगादा, झोप उडालेली, जिवाला घोर. आपल्याकडची ‘ओढाताण’ त्याच्या सगळ्यात जवळ जाते.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थही ओढणं, ताणणं असाच. मध्ययुगात त्याला ‘सक्तीनं भाग पाडणं’ हा अर्थ चिकटला आणि जुन्या फ्रेंचमधून शब्द इंग्रजीत आला. मी परभणीकडं वकिली करतो, त्यामुळं मला पुढचा भाग जास्त बोलका वाटतो. इंग्लंडच्या कायद्यात डिस्ट्रेस म्हणजे चक्क जप्ती! भाडं थकलं की जमीनमालक कोर्टाची पायरी न चढता कुळाची जनावरं, सामानसुमान उचलायचा आणि पैसे येईपर्यंत अडकवून ठेवायचा. पिकात शिरलेली परकी जनावरंही अशीच धरून कोंडवाड्यात घालत. याला आवर घालायला 1267 मध्येच मार्लबरोचा कायदा झाला, तरी भाड्यापोटी परस्पर जप्तीचा हा जुना हक्क संपायला 2014 उजाडलं. नांगराचे बैल तेवढे, दुसरं काही नेण्याजोगं असेपर्यंत, धरता येत नसत. आपल्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतलं कलम 60 त्याच वळणाचं आहे: शेतकऱ्याची औजारं, पोटापाण्याला लागणारी जनावरं आणि बियाणं यांवर जप्ती नाही. नोटीस घेऊन घाबरत आलेल्या अशिलाला मी आधी हेच सांगतो.

‘डिस्ट्रिक्ट’ याच कुळातला, म्हणजे एखाद्याची सक्ती जिथवर चालते तो मुलूख. (कलेक्टर कचेरीत हे सांगायची सोय नाही.) ‘स्ट्रेस’ तर बऱ्याच अंशी डिस्ट्रेसचंच डोकं छाटलेलं रूप.

‘डिस्ट्रेस सेल’, म्हणजे नडीपोटी मिळेल त्या भावात केलेली विक्री, पाहायचा तर दिवाळीच्या तोंडावर मोंढ्यात जा. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, तरी कित्येकांनी त्याच्या खाली माल घातला. आडत्याची उचल फेडायची असते, थांबणार कोण?

एक मात्र करा, डिप्रेशनच्या जागी हा शब्द वापरू नका. डिप्रेशन हा आजार आहे, त्याचं निदान डॉक्टरच करतो.